जर्मनीत वाढणाऱ्या मुलाला मराठीत बोलतं कसं ठेवावं

जर्मन येईल. किटात, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीत येईल, वाळूत खेळताना येईल, ट्राममध्ये शेजारी बसलेल्या आजोबांकडून येईल. इथे ऑगस्ट २०१३ पासून वर्षाच्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. त्यामुळे नोकरी करणाऱ्या आपल्या कित्येक घरांतली मुलं बोबडं बोलायच्या वयातच रोज सहा-सात तास जर्मन ऐकतात. माझी लेक म्युनिकमध्ये वाढतेय, आता पाच वर्षांची आहे. तिला जर्मन यावं म्हणून मी सुरुवातीला घरीही मोडकंतोडकं जर्मन बोलायचे. ते महिने मराठीचे होते, हे मला नंतर कळलं.

आधी ठरवा, कोण काय बोलणार

दोघंही मराठी असाल तर दार लावलं की मराठी. जोडीदार जर्मन असेल तर ज्याने-त्याने मुलाशी आपापलीच भाषा बोलावी. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल रोंजा आणि त्याची जर्मन बायको यांनी आपल्या मुलाला असंच वाढवलं आणि रोंजाने त्याच्या नोंदी १९१३ मध्ये प्रसिद्ध केल्या. पण नियमापेक्षा तास महत्त्वाचे. मराठी बोलणारा बाबा रात्री आठला घरी येणार असेल, तर सकाळचं आवरणं, नाश्ता आणि किटाची वाट त्याच्याकडे द्या.

सुरुवात जन्मापासूनच करा. मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळंसुद्धा हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखतात. दहा-बारा महिन्यांपर्यंत बहुतेकांची ही ओळख पुसट होते. आपले ट, ण, ळ कानावर पडायला हवेत ते याच वयात.

ओट्याशी एक स्टूल ठेवा

वस्तूंची नावं मुलं पटकन उचलतात, मागे राहतात ती क्रियापदं. आणि क्रियापदांची खाण म्हणजे स्वयंपाकघर. मटार सोलायचे, कोथिंबीर निवडायची, गाजर किसायचं, कांदा चिरायचा, काकडी चोचवायची, कणीक मळायची. हात चालू असताना तोंडही चालू ठेवा: “आता लाटूया. कड जाड राहिली बघ. तव्यावर टाकू?” पोळी फुगली की माझी लेक ओरडते, “आई, टम्म!” जर्मनमध्ये ती सगळ्याला ‘श्नायडेन’च (कापणं) म्हणायची, तेव्हा मराठीत तिच्याकडे चिरणं आणि चोचवणं वेगवेगळं होतं. रोजची वीस मिनिटं पुरतात, पण ती रोज हवीत.

उत्तर जर्मनमध्ये आलं तर

हे होणारच, बहुधा किटा सुरू झाल्यावर काही महिन्यांत. रागावू नका. कळलंच नाही असं सोंगही करू नका, आपल्याला कळतं हे मुलाला पक्कं ठाऊक असतं. तेच वाक्य मराठीत म्हणा आणि त्याला एक प्रश्न जोडा. “मामा, मिल्श!” (आई, दूध!) आलं तर म्हणा, “दूध हवंय? गार देऊ की कोमट?” अशा प्रश्नाला मान डोलावून भागत नाही, एक तरी मराठी शब्द काढावा लागतो.

चुका सुधारतानाही हेच. जर्मनमध्येही मराठीसारखी तीन लिंगं आहेत, पण जुळत नाहीत. तिथे दूध स्त्रीलिंगी. लेक म्हणाली, “ती दूध सांडली.” मी म्हटलं, “अगं हो, दूध सांडलं! फडकं आण.” पुन्हा म्हणायला लावलं नाही.

शब्द मोजताना दोन्ही भाषा धरा

एकविसाव्या ते चोविसाव्या महिन्यात बालरोगतज्ज्ञांकडे ‘यू-७’ तपासणी असते. मूल किती शब्द बोलतं, हे तिथे विचारतात. जाण्याआधी आठवडाभर कागदावर टिपून ठेवा: पाणी, भूभू, जर्मनमधले वासर (पाणी) आणि बाल (चेंडू), सगळं. मोजायची ती दोन्हींची बेरीज. दोन वर्षांचं झाल्यावरही मूल दोन शब्द जोडत नसेल, तर कान तपासून घ्या आणि वाचाउपचार तज्ज्ञांना भेटा, थांबून राहू नका. मात्र “घरची भाषा बंद करा” असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही.

आजीला काम द्या

“आजीला गाणं म्हणून दाखव” म्हटलं की मूल फोनसमोरून पळतं. त्यापेक्षा रोज दहा मिनिटं आजीनेच चिऊकाऊची गोष्ट सांगावी, तीच ती सांगितली तरी चालेल. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन, म्हणून सकाळच्या न्याहारीची वेळ दोन्हीकडे जमते. आजी-आजोबांना एक विनंती आवर्जून करा: नातवंडाला सोपं जावं म्हणून इंग्रजीत बोलू नका.

हीच विनंती भारतात जाताना मावशी-काकूंनाही करावी लागते, कारण पुण्यातली भावंडंही खेळताना सर्रास इंग्रजीवर जातात. शाळा सुरू झाली की इथे उन्हाळ्यात साधारण सहाच आठवडे सुट्टी मिळते, त्यामुळे लांब मुक्काम सहा वर्षांच्या आत करून घ्या. गेल्या डिसेंबरात मावसबहिणीने लेकीला लगोरी शिकवली. परतल्यावर किटात तिने मैत्रिणींना सगळा खेळ जर्मनमध्ये समजावला, फक्त ‘लगोरी’ला जर्मन शब्द शोधत बसली नाही. आता तिच्या मैत्रिणीही लगोरीच म्हणतात.