आधी वैर नीट रचा

किशोरांसाठी फँटसी प्रेमकथा लिहायला घेणारे बहुतेक जण नायक-नायिकेपासून सुरुवात करतात. त्याचे डोळे, तिची तलवार, पहिली झटापट. मी मात्र युद्धापासून सुरुवात करते. हे दोन पक्ष नेमके कशासाठी लढताहेत? उत्तर ‘एक चांगला, एक दुष्ट’ असं निघालं तर शत्रूंमधली प्रेमकथा तिथेच संपते. दुष्टांकडच्याने फक्त बाजू बदलायची, एवढंच मग उरतं.

माझ्या चालू कथेचं उदाहरण देते. डोंगरावरच्या लोकांनी मंत्राने नदी बांधून ठेवली आहे. तिच्या पाण्यावर त्यांच्या शहराचं कवच उभं आहे. खालच्या खोऱ्यातली शेतं त्यामुळे करपली. नदी सोडली तर वरचे मरतात, नाही सोडली तर खालचे. सतरा वर्षांची वेधा कवच राखते. अठरा वर्षांचा रुद्र खालच्या सैन्यात टेहळणीला आहे. दोघांचंही म्हणणं मला मनापासून पटतं, म्हणून ही कथा मी लिहू शकते. तुम्हीही दोन्ही बाजूंचं एकेक पान भाषण लिहून पाहा. ज्या पानावर हात अडखळेल, त्या बाजूचा विचार अजून पुरता झालेला नाही.

मग हे वैर दोघांच्या घरात आणा. वेधाचा भाऊ तटावर बाण लागून गेला. रुद्रची धाकटी बहीण तहानेने गेली. इथे लेखकाला मोह होतो तो नायकाला निर्दोष ठेवण्याचा: तो बाण दुसऱ्याच कुणाचा होता, सगळा गैरसमज होता, वगैरे. हे करू नका. गैरसमज एका संवादात मिटतो आणि त्याबरोबर कथाही मिटते. रुद्र त्या रात्री त्याच तुकडीत होता. बाण आपला नव्हता, असं त्याला खात्रीने सांगता येत नाही आणि मी त्याला तसं सांगू देणार नाही.

पहिल्या भेटीला गरज हवी, आकर्षण नंतर. पहिल्या महायुद्धात, १९१४च्या नाताळात पश्चिम आघाडीवर अनेक ठिकाणी ब्रिटिश आणि जर्मन सैनिक खंदकांतून बाहेर आले. तंबाखूची देवाणघेवाण झाली हे सगळे सांगतात, पण त्या वेळात मधल्या पट्ट्यात पडलेले मृतदेहही पुरले गेले. आपापली माणसं पुरण्याची गरज दोन्हीकडे सारखीच होती. पुढच्या वर्षी असं घडू नये म्हणून वरिष्ठांनी सक्त हुकूम काढले. तुमच्या कथेला यातलं सगळं उपयोगी आहे, तो हुकूमसुद्धा. १८५९च्या इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायकांनी सैनिक कुठल्या बाजूचा हे न पाहता जखमींची शुश्रूषा केली. प्रेत पुरणं, जखम बांधणं, कैद्यांची अदलाबदल, तहाची बोलणी: शत्रू एकमेकांच्या हाताच्या अंतरावर येतात ते अशा ठिकाणी.

कैदेबद्दल मी फार आग्रही आहे. एक जण दुसऱ्याच्या ताब्यात असेल, कोठडीची किल्ली एकाकडेच असेल, तोवर प्रेमाची कबुली नको आणि चुंबनही नको. आधी सुटका, मग पुन्हा भेट, आणि त्या भेटीला स्वतःच्या पायांनी चालत येणं. टोमणे चालतील, तलवारीला तलवार भिडू दे; पण अपमान आणि धाक म्हणजेच ओढ, असं चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला कधीही शिकवू नका. दोघांना जन्मतः बांधणारी जादूची गाठही मला नको वाटते. मग निवड उरत नाही, आणि या कथेचा सगळा जीव निवडीत आहे.

विश्वास वाढवायचा तर प्रत्येक पायरीवर एकाने दुसऱ्याला अशी गोष्ट द्यावी, जी युद्धात वापरता येईल. वेधा बोलता बोलता पहारा कधी बदलतो ते सांगून बसते. आता ही माहिती वापरली गेलीच पाहिजे. रुद्रने स्वतः ती विकायची नाही. त्याचा सेनापती त्याच्या जाण्यायेण्याच्या वेळांवरून ती ताडतो, आणि तटावरची सहा माणसं जातात. कथेचा मध्य मी इथे ठेवते. वेधाने क्षमा करायला घाई करू नये. निदान चार प्रकरणं तिला रागावू द्या.

नातं उघड झाल्यावर खरा मार स्वतःच्या माणसांकडून बसतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४४मध्ये जर्मनांच्या ताब्यातून मुक्त झालेल्या फ्रान्समध्ये जर्मनांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून हजारो स्त्रियांची भर चौकात मुंडणं झाली. नॉर्वेत जर्मन सैनिकांशी नातं जोडलेल्या स्त्रियांना युद्धानंतर कैदेत टाकलं, कित्येकींना देशाबाहेर घालवलं. सरकारने त्यांची माफी मागितली ती २०१८मध्ये. तेव्हा सेनापतीच्या शिक्षेपेक्षा शेजारणीच्या नजरेवर जास्त पानं खर्च करा. वेधाची आई तिच्याशी बोलणं टाकते, आणि मुलगा गमावलेल्या त्या बाईचंही चुकत नाही.

शेवट गोड करायला माझी अजिबात हरकत नाही, मलाही तोच आवडतो. फक्त दोघांच्या लग्नाने युद्ध थांबवू नका. ज्या कारणाने ते सुरू झालं, त्या कारणाचं काहीतरी करा. माझ्या कथेत दर पंधरवड्याला एक रात्र नदी सोडायची असं ठरतं. त्या रात्री शहर कवचाविना उघडं असतं, आणि तेव्हा तटावर खालची माणसं वरच्यांसोबत पहाऱ्याला उभी राहतात. वेधाच्या आईने मात्र शेवटच्या प्रकरणातही रुद्रला घरात घेतलेलं नाही.