लिव्हरवर काम करताय? मग डीएमएसओ या द्रावकाचा वेगळा ग्रुप आधी मागून घ्या

परळ-माटुंग्याकडच्या लॅबमधले ज्युनिअर्स भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: अर्क काढून प्राण्यांवर तपासायला झाड कुठलं घेऊ? घ्या कुठलंही, पण दादरच्या बाजारातून पुडीत बांधून आणलेल्या भुईआवळ्यावर थीसिस उभी करू नका. त्या नावाखाली फायलँथसच्या वेगवेगळ्या जाती सर्रास एकत्र विकल्या जातात. फुलाफळांसकट अख्खं झाड घेऊन झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जा आणि ओळख पटवून घ्या. सुजेचं कामही तसं सरळ आहे. कॅराजिनन टोचून रॅटचा पंजा सुजवायचा, प्लेथिस्मोमीटरने सूज मोजायची. १९६२ पासून हेच चालू आहे.

दगा देतं ते लिव्हर. अर्क लिव्हर वाचवतो का हे पाहायला आपण प्राण्यांना पॅरासिटामॉलचा मोठा डोस देतो, पण पॅरासिटामॉल स्वतः पेशी मारत नाही. लिव्हरमधलं सीवायपी२ई१ हे एन्झाइम त्याचं एनएपीक्यूआय नावाचं विष करतं, ते पेशींचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन संपवतं आणि मग लिव्हरची वाट लागते. आता आपला अर्क पाण्यात विरघळत नाही, म्हणून आपण तो डीएमएसओत घालतो. आणि डीएमएसओ नेमकं हेच एन्झाइम अडवतं! विष तयारच होत नाही. एसजीपीटी (लिव्हरची इजा दाखवणारं रक्तातलं एन्झाइम) खाली, स्लाइड सुंदर, गाईड खूश, आणि अर्काने कदाचित काहीच केलेलं नाही. टॉक्सिक कंट्रोलला, म्हणजे अर्काशिवाय फक्त पॅरासिटामॉल दिलेल्या ग्रुपला, नुसतं पाणी पाजलं असेल तर हे कळायला मार्गच उरत नाही. कार्बन टेट्राक्लोराइड घेऊनही सुटका नाही, त्यालाही तेच एन्झाइम विषारी बनवतं. मला हा प्रश्न प्री-सबमिशनला विचारला गेला, तेव्हा प्राणी संपले होते.

म्हणून पॅरासिटामॉल अधिक तेवढंच डीएमएसओ असा ग्रुप हवाच. जमलं तर डीएमएसओ टाळून सीएमसीच्या (कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज) पाण्यात सस्पेन्शन करा. अर्कही एन्झाइम अडवू शकतो, तेव्हा एका ग्रुपला तो पॅरासिटामॉलनंतर दोनेक तासांनी द्या. हे सगळं प्राण्यांवरच्या प्रयोगाची परवानगी मागायच्या फॉर्म बीमध्ये पहिल्याच वेळी लिहा. प्राण्यांची संख्या तिथेच ठरते. ‘आपल्याकडे सगळे असंच करतात’ असं गाईड म्हणतील. म्हणू देत. डॉकिंगची (रेणू प्रोटीनला कसा चिकटेल याच्या कॉम्प्युटरवरच्या अंदाजाची) रंगीत चित्रं लावून वेळ मारून नेणाऱ्यांचं तर मला कौतुकच वाटतं, व्हायवापर्यंत.

नुसत्या अर्काचा ग्रुपही विसरू नका. कोविडकाळात गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी छापल्या होत्या. वनस्पती गुळवेलच होती का, यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, तो वाद वेगळा. ‘नैसर्गिक आहे’ हे काही सेफ्टी डेटा म्हणून चालत नाही.

नीट कंट्रोल लावल्यावर परिणाम निम्म्यावर आला तर घाबरू नका, तो निम्मा तुमचा असतो. थीसिस त्यावरही होते. आणि सुरुवातीला रक्त काढताना हात थरथरतो, लाल पेशी फुटून सीरम लालसर येतं, त्यामुळे एसजीओटी हे एसजीपीटीसारखंच मोजलं जाणारं एन्झाइम भलतंच वर जातं. सगळ्यांचंच होतं. त्या नळीवर तेव्हाच खूण करा आणि वहीत लिहून ठेवा, रिझल्ट आल्यावर नाही.