जलाशयावर डोंग्यातून जाळे कसे लावावे

पूर्व विदर्भातील ढिवर कुटुंबांची मासेमारी दोन प्रकारच्या पाण्यावर चालते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलाव (मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले) उथळ असतात, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर तेथे अनेक जण मिळून ओढजाळे ओढू शकतात. इटियाडोह किंवा गोसेखुर्द यांसारख्या धरणाच्या जलाशयात मात्र पाणी खोल असते आणि तळाशी बुडालेल्या झाडांची खोडे असतात. तेथे डोंगा आणि तंगुसाचे (नायलॉनच्या एकेरी धाग्याचे) उभे जाळे यांवरच भिस्त राहते. पुढील सूचना अशा जलाशयावर नव्याने उतरणाऱ्यासाठी आहेत.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगता येतो. अशा पाण्यातील मासेमारीचा हक्क बहुधा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेचे सभासदत्व किंवा तिची परवानगी घेतल्याशिवाय जाळे विकत घेण्यातही अर्थ नाही.

जाळे घेताना सर्वांत आधी आस, म्हणजे जाळ्याचे एक भोक, पाहावा. एका आसाच्या समोरासमोरच्या दोन गाठी चिमटीत धरून तो पूर्ण ताणावा आणि गाठीपासून गाठीपर्यंतचे अंतर मोजावे. साधारण किलोभर वजनाचा रोहू धरण्यासाठी हे अंतर १०० मिलिमीटरच्या आसपास लागते. कतल्याचे डोके मोठे आणि अंग रुंद असल्यामुळे त्याच आसात तो रोहूपेक्षा कमी लांबीचा असतानाच अडकतो, म्हणून कतल्यासाठी याहून मोठा आस घेणे शहाणपणाचे ठरते. बारीक आसाच्या जाळ्यात पहिल्या महिन्यात मासळी जास्त दिसते हे खरे आहे. परंतु संस्थेने पैसे मोजून सोडलेली बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) वाढण्याआधीच त्यात निघून जाते. कतला, रोहू आणि मृगळ हे प्रमुख कार्प मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी देत नाहीत, त्यांना पावसाळ्यातील वाहते पाणी लागते. त्यामुळे गेलेले बीज आपोआप भरून येईल अशी आशा धरू नये.

जाळ्याचे कापड दोरीवर चढवताना ते ताणून बांधू नये. ताणलेली लांबी ५० मीटर असेल तर ती सुमारे २५ मीटर दोरीवर बसवावी. अशा ढिलाईमुळे आस नीट उघडतो आणि माशाला माघार घेणे अवघड जाते. वरच्या दोरीला बोया आणि खालच्या दोरीला शिसे ठरावीक अंतराने बांधावे. बोया जड जाळे पेलू शकल्या तर जाळे पृष्ठभागाजवळ राहते, आणि शिसे जास्त झाले तर ते तळाशी बसते. कतला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. कोणता मासा हवा आहे हे आधी ठरवूनच हा तोल साधावा.

जाळे सूर्यास्ताच्या सुमारास लावावे. एकाने डोंगा वल्हवावा आणि दुसऱ्याने जाळे हळूहळू सोडावे; एकट्याने दोन्ही कामे करताना जाळे पिळते आणि पुढे ते सोडवण्यातच सकाळ जाते. किनाऱ्याला समांतर लावण्यापेक्षा किनाऱ्याकडून खोल पाण्याकडे आडवे लावल्यास काठाने फिरणारी मासळी त्यावर येते. बुडालेल्या जुन्या नाल्याच्या पात्राची कड ही चांगली जागा असते, आणि ती कुठे आहे हे गावातील वृद्ध ढिवरांइतके नेमके कोणीही सांगू शकत नाही. स्वच्छ पाण्यात चांदण्या रात्री जाळे माशाला दिसते, त्यामुळे पौर्णिमेच्या आसपास कमी मासळीची तयारी ठेवावी. दोन्ही टोकांना ठळक खुणेच्या बोया बांधाव्यात. हरवलेले तंगुसाचे जाळे कुजत नाही आणि तळाशी पडून मासे मारत राहते.

पहिल्या पावसात नाल्यांचे नवे पाणी जलाशयात येते तेव्हा अंड्यांनी भरलेली मासळी त्या प्रवाहाकडे चढते. त्या दिवसांत नाल्याच्या तोंडाशी जाळे लावणे मला सरळ चूक वाटते, मग ते कितीही भरून येवो. विष किंवा स्फोटके वापरून मासे मारणे तर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे. जाळ्यात कासव सापडल्यास दोरे कापून त्याला सोडावे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अनेक जातींच्या कासवांना संरक्षण आहे.

जाळे उजाडण्यापूर्वी उचलावे. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि जाळ्यात मेलेला मासा कोमट पाण्यात लवकर मऊ पडतो. अशा माशाला व्यापारी निम्माही भाव देत नाही. त्यामुळे एप्रिल आणि मे महिन्यांत रात्री मध्येच एकदा जाळे तपासण्याचे कष्ट वाया जात नाहीत. डोंग्यात ओले पोते टाकून मासळी झाकावी, काठावर आल्यावर ती स्वच्छ पाण्याने धुवावी आणि थर्माकोलच्या पेटीत मासळी व फोडलेला बर्फ यांचे एकाआड एक थर द्यावेत. उन्हाळ्यात मासळीच्या वजनाइतकाच बर्फ धरावा आणि वितळलेले पाणी निघून जाण्यासाठी पेटीला छिद्र ठेवावे. आठवडी बाजारात बसणारी बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला कल्ले उघडून दाखवते. ते लाल राहिले असतील तरच तिचा भाव टिकतो. ठोक व्यापाऱ्याकडून जाळ्यासाठी उचल घेतली असेल तर भाव ठरवण्याचा अधिकारही बहुधा त्याच्याच हाती जातो, म्हणून शक्य तेथे जाळ्याचा खर्च संस्थेमार्फत भागवावा.

मे आणि जून महिन्यांतील दुपारनंतरचे वादळ डोंगा उलटवू शकते. पश्चिमेकडे काळे ढग दिसताच जाळे तसेच सोडून काठ गाठावा, आणि विजा चमकत असताना पाण्यात थांबू नये. जीवरक्षक जॅकेट घालण्याची लाज वाटणारे तरुण जागोजागी दिसतात. निदान रिकाम्या बंद कॅनला दोरी बांधून ती डोंग्यात ठेवावी. धरणाच्या खालच्या बाजूला नदीत काम असेल तर पाणी सोडण्याची सूचना कधी आहे हे आधी विचारून घ्यावे.

घरी आल्यावर जाळे गोड्या पाण्यात झटकून शेवाळ काढावे, त्याच दिवशी फाटलेले आस विणावेत आणि ते सावलीत वाळवावे, कारण सततच्या उन्हाने नायलॉनचा धागा ठिसूळ होतो. वाळलेले जाळे उंदरांच्या आवाक्याबाहेर, आढ्याला टांगून ठेवावे.