वावरात राबणाऱ्यानं जिम कशी लावावी

आमच्या दर्यापूरकडं जिम लावायचे दोन सिझन. एक दिवाळीनंतर थंडी पडली की, आणि दुसरा पोलीस भरतीची जाहिरात निघाली की. पोट्टे एका गाडीवर तिघं बसून येतात आणि चप्पल काढायच्या आधी विचारतात, "दादा, डोले कितक्या दिवसात येतीन?" माझी जिम कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आहे. येणारे बहुतेक शेतकऱ्यांच्या घरचे. मोबाइलवरचं शहरी वेळापत्रक दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यासाठी असतं, ते यांना जसंच्या तसं लावलं की पाठ धरते. म्हणून पहिल्या दिवशी मी वजनकाट्याच्या आधी एकच गोष्ट विचारतो: या आठवड्यात वावरात काय काम चालू आहे?

कारण वावरातलं अंग कच्चं नसतं, एका बाजूनं पक्कं असतं. वाकणं, उचलणं, ओढणं, वाहणं हे रोजचंच. पण वजन छातीवरून किंवा डोक्यावर ढकलायचं काम शेतात फारसं येत नाही. युरियाची ४५ किलोची बॅग पाठीवर टाकून नेणारा गडी बेंचवर झोपतो, नुसता रॉड हातात घेतो आणि रॉड डावीकडं कलतो. त्याला लाज वाटते, दोस्त हसतात. ताकद कमी नसते, त्या हालचालीची सवय नसते. रॉडचं वजनही आधी विचारून घ्या. सातफुटी जाड रॉड एकटाच २० किलोचा असतो, बारीक रॉड त्याच्या निम्म्याचेही नसतात. पहिले दोन आठवडे प्लेट लावायचीच नाही. जाड रॉड जड गेला तर बारीक घ्या, नाहीतर जोर मारा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकानं तिथं जाऊन आपले देशी व्यायाम दाखवले. तेव्हा जोर-बैठकांना हलकं समजायचं कारण नाही.

आठवड्यात तीन दिवस या, मधे एक दिवस सोडून. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ अशी वाटणी पहिले तीन महिने नको, दरवेळी सगळ्या अंगाचं थोडं थोडं करा. पाच-दहा मिनिटं अंग गरम करायचं. मग डंबेल धरून बैठका, बेंच किंवा जोर, पुलडाउन (वरची दांडी छातीकडं खाली ओढायची), डंबेलनं शोल्डर प्रेस (खांद्यापासून डोक्यावर ढकलायचं) आणि शेवटी प्लँक (कोपरं आणि पंजांवर अंग सरळ धरून ठेवायचं). सुरुवातीला प्रत्येकी दोन सेट, पुढं तीन, सेटला दहा-बारा रेप, म्हणजे एका दमात तीच हालचाल दहा-बारा वेळा. अजून दोन-तीन निघाल्या असत्या असं वाटतं तिथंच थांबा. दोन सेटमधे दीड-दोन मिनिटं दम घ्या. रील उघडली की त्या दोन मिनिटांची दहा होतात, हे रोज पाहून राहिलो. तिन्ही सेट बारा-बाराचे नीट निघाले, की मग रॉडला दोन्हीकडं सव्वा-सव्वा किलोची प्लेट.

बैठकांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. डंबेल उभा धरून दोन्ही हातांनी छातीशी घ्या. पायात खांद्याएवढं अंतर, पंजे जरासे बाहेर. श्वास आत घेत खाली, सोडत वर. आपल्याकडचा माणूस पारावर तासभर उकिडवा बसू शकतो, त्यामुळं खाली जायला अडचण येत नाही. गडबड उठताना होते: गुडघे आत येतात आणि टाच उचलते. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनं राहिला पाहिजे, टाच फरशीला चिकटलेली. मऊ तळव्याचे रनिंगचे बूट इथं डगमगतात, सपाट तळव्याचे कॅनव्हास बूट बरे. स्लिपर घालून मात्र येऊ नका. प्लेट पायावर पडली की अंगठ्याचं नखच जातं.

डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा रॉड कमरेतून वाकून उचलणं, शिकवायला मी पीव्हीसी पाइपाचा तुकडा ठेवलाय. पाइप पाठीवर उभा धरायचा: डोक्याला मागून, दोन खांद्यांच्या मधे आणि माकडहाडाला, अशा तीन ठिकाणी टेकला पाहिजे. आता गुडघे थोडे मोडून ढुंगण मागं न्या आणि वाका. धान्याचे कट्टे, म्हणजे पोती, उचलून उचलून ज्यांना कमरेतून गोल व्हायची सवय लागली, त्यांचा पाइप खालून लगेच सुटतो. तिन्ही ठिकाणी टेकलेला राहून दहा वेळा वाकता आलं, की मग रॉड. हीच रीत कट्टा उचलताना वापरली तर कंबर घरीही वाचते.

आता वावराचा हिशेब. फवारणीचा १६ लिटरचा पंप भरला की नुसतं पाणीच १६ किलो, वरून पंपाचं वजन, आणि चिखलात दिवसभर चालणं. त्या दिवशी जिम नाही. औषध कातडीतूनही अंगात जातं, म्हणून घरी जा, साबणानं आंघोळ करा, कपडे वेगळे धुवा. मळमळ, चक्कर, डोळ्यांसमोर धूसर असं काही वाटलं तर थेट दवाखाना. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तरी काही जण अजूनही तोंडाला रुमाल न बांधता फवारतात. कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर आधीच वाकून थकलेली असते. तेव्हा डेडलिफ्ट सोडा, बेंच आणि पुलडाउन करा. वेचणीच्या दिवसांत मुलींच्या बॅचला मी तेवढंच देतो.

भरतीवाल्यांचं गणित वेगळं. पोलीस शिपायाच्या मैदानीत मुलांना १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि ७.२६० किलोच्या गोळ्याला १५. मुलींना ८०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. म्हणजे ५० पैकी ३५ गुण पळण्यात आहेत, डोल्यात नाहीत. ज्या दिवशी मैदानावर जोरात पळाला, त्या दिवशी बैठकांचं वजन वाढवू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं, जिना उतरताना मांड्या बोंबलतात. ते चार-पाच दिवसांत जातं. पण सांध्यात कळ आली तर थांबायचं. आणि अंग फार सुजून लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी डॉक्टरकडं, वाट पाहू नका. बीपी, शुगर किंवा छातीचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरला विचारूनच फी भरावी.

खर्रा तोंडात ठेवून सेट मारायचा नाही. दम लागल्यावर तो घशात उतरतो, आणि तंबाखूनं नाडी आधीच वाढलेली असते. बोर्ड लावलाय, तरी जिन्याचा कोपरा लालच आहे.

पावडर कोणती घेऊ, हा दुसरा ठरलेला प्रश्न. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ७० ते ९५ ग्रॅम प्रोटीन पुरतं. चार अंड्यांत २४ ग्रॅम, ५० ग्रॅम सोयाबीन वडीत २५ च्या आसपास, मूठभर फुटाणे आणि शेंगदाण्यांत दहा-बारा. बाकीचं भाकर, वरण, दूध-दह्यातून निघतं. आपण सोयाबीन मार्केटला विकून येतो आणि त्याच पैशात बिनलेबलचा डबा आणतो, हे मला कधी कळलं नाही. अंग फुगवायच्या इंजेक्शनचं कोणी नाव काढलं तर त्याच्यापासून लांब राहा.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. पहाटे साडेपाचला या, नाहीतर रात्री आठनंतर. येताना पाणी आणा, घरी जाऊन मीठ घातलेलं ताक प्या. लाइट गेली की ट्रेडमिल बंद पडते, पडू द्या. लोखंडाला लाइट लागत नाही.

फी महिन्याचीच भरा. हे सांगण्यात नुकसान माझंच आहे, पण जूनमधे पाऊस पडला की पेरणी, मग डवरणी, निंदण. तेव्हा कोणी फिरकत नाही. त्या दिवसांत घरीच अंगणात जोर-बैठका चालू ठेवा. पोळ्यानंतर परत आलात की आधीच्या निम्म्या वजनानं आठवडाभर करा, मग जुन्या वजनाकडं जा.