अंगावर पांढरं जातंय, खाज सुटते? ट्यूब लावण्याआधी या चुका टाळा

पावसाळ्यात कोल्हापुरातला राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, की माझ्या ओपीडीत एक तक्रार हमखास वाढते. बाई आत येते, खुर्चीच्या कडेवर बसते, आधी कंबरदुखीचं सांगते आणि उठता उठता हळूच म्हणते, "म्याडम, खाली लई खाज सुटल्या." मग पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक ट्यूब निघते, टूथपेस्टसारखी खालून दुमडत शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेली. कधी जावेनं सुचवलेली, कधी गल्लीतल्या मेडिकलमधून "खाजेचं मलम द्या" म्हणून आणलेली.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अशा बऱ्याच मलमांत बुरशीवरच्या औषधाबरोबर स्टिरॉइडही असतं. स्टिरॉइडनं दोन दिवसांत लाली आणि खाज दबते, बाईला वाटतं गुण आला. मलम थांबवलं की त्रास पुन्हा उसळतो, मग पुन्हा तीच ट्यूब. असं महिनोन् महिने चाललं की तिथली नाजूक कातडी पातळ होते आणि नुसत्या लघवीनंही आग होते. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बेक्लोमेथासोन हे नाव दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावू नका.

दुसरं म्हणजे, सगळं पांढरं सारखं नसतं. कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा स्राव फुटलेल्या दुधासारखा घट्ट असतो, वास फारसा नसतो, खाज मात्र झोपू देत नाही. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडल्यावर, स्राव पातळ आणि करडट असतो, खाज कमी, पण माशासारखा वास येतो, संबंधानंतर जास्तच. पिवळट-हिरवट, फेसाळ स्राव असेल तर ट्रायकोमोनास या परजीवीचा संशय येतो. तो संबंधातून पसरतो, म्हणून नवऱ्यानंही त्याच वेळी औषध घ्यायला हवं. नाहीतर तुम्ही बऱ्या होता आणि महिन्याभरात परत येता. बुरशीला क्लोट्रिमाझोल चालतं, उरलेल्या दोघांना मेट्रोनिडाझोल लागतं. बुरशीचं औषध त्या दोघांवर चालत नाही, त्यांचं बुरशीवर चालत नाही, आणि कधी कधी दोन आजार एकत्रही असतात. तपासणीत आम्ही स्रावाचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, बघतो. तो साधारण ३.८ ते ४.५ असतो. बुरशीत बहुतेक वेळा तेवढाच राहतो, उरलेल्या दोन्हींत ४.५ च्या वर जातो. पाच मिनिटांचं काम आहे, दुखतही नाही.

आणि काही पांढरं तर आजारच नसतो. दोन पाळ्यांच्या मध्ये अंड्याच्या पांढऱ्यासारखा तार धरणारा स्राव येतो, गरोदरपणात स्राव वाढतो. "हाडं वितळून जातात" ही भीती आजही कितीतरी आया मुलींच्या मनात घालतात. तसं काहीही होत नसतं.

आतून धुणं ही फार जपली जाणारी सवय आहे. साबण, तुरटीचं पाणी, जंतुनाशकाचं पाणी, वासाचे वॉश. योनीत लॅक्टोबॅसिलाय नावाचे चांगले जिवाणू आम्ल तयार करतात आणि तेच राखण करतात. आतून धुतलं की तेच वाहून जातात. बाहेरून साधं पाणी पुरे. घशासाठी किंवा लघवीसाठी अँटिबायोटिक घेतल्यावर खाज सुटते तीही यामुळेच: राखणदार कमी झाले की बुरशीला रान मोकळं मिळतं.

पावसाळ्यातली चूक तर घराघरात दिसते. निकर दोरीवर टॉवेलखाली, परकराखाली दडवून वाळत घालतात. दोन दिवसांनी हात लावून बघा, इलॅस्टिकच्या पट्टीला ओल तशीच असते. पंख्याखाली उघडी वाळवा, वरून इस्त्री फिरवा. यात लाजायचं काहीच नाही. कापड सुती असू द्या.

योनीत ठेवायची गोळी पाण्याबरोबर गिळून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. दोष त्यांचा नाही, कुणी नीट सांगितलेलंच नसतं. ती रात्री झोपताना, पडून, बोटानं किंवा नळीनं आत ठेवायची. सहा रात्रींचा कोर्स असेल तर तिसऱ्या रात्री खाज थांबली तरी सहाही गोळ्या वापरायच्या. गरोदर असाल तर फ्लुकोनाझोलची तोंडानं घ्यायची गोळी स्वतःहून मुळीच घेऊ नका.

वर्षात तीन किंवा जास्त वेळा बुरशी झाली तर साखर तपासा. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर लघवीवाटे साखर बाहेर पडते आणि बुरशीला खाऊ मिळतो. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पण ज्यांनी दिली त्यांना हा त्रास नक्की सांगा.

ताप, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर रक्त, पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा डाग, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवा. खासगीत परवडत नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. तपासणीआधी दोन दिवस आत काही लावू नका आणि आतून धुऊन येऊ नका, नाहीतर बघायचं तेच निघून जातं. आणि ती जुनी ट्यूब घेऊन या, रिकामी असली तरी.