या चुका टाळा : दुसऱ्याचा प्रश्न लिहून काढताना

रेकॉर्डिंगमध्ये एक बाई सांगतायत, आणि आपण हेडफोन लावून टाइप करतोय. कानावर सलग येतं ते असं:

मग त्यांनी मला विचारलं तू चावी कुठे ठेवलीस मी म्हटलं मला काय माहीत

घाईत बरेच जण ते असं उतरवतात:

मग त्यांनी मला विचारलं तू चावी कुठे ठेवलीस? मी म्हटलं मला काय माहीत?

दोन प्रश्नचिन्हं, दोन्ही चुकीची. पहिलं अवतरणाबाहेर उघड्यावर पडल्यामुळे बाई मुलाखतकारालाच चावीबद्दल विचारतायत असं क्षणभर वाटतं. दुसऱ्या ठिकाणी तर प्रश्नच नाही; ‘मला काय माहीत’ हे हात झटकणं आहे. नीट उतरवलं तर:

मग त्यांनी मला विचारलं, “तू चावी कुठे ठेवलीस?” मी म्हटलं, “मला काय माहीत.”

चिन्हांचे नियम शाळेत शिकलेलो असतो. लिहून काढताना अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: हा प्रश्न नेमका कोणाचा, हे ठरवलेलं नसतं.

अवतरण आहे की नाही, ते आधी ठरवा

इथे मराठी जरा फसवी आहे. दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण त्याचे सर्वनाम-क्रियापद पुष्कळदा तसेच ठेवतो. ही दोन वाक्यं पाहा:

मी कुठे होतो असं तिनं विचारलं.
तू कुठे होतास असं तिनं विचारलं.

पहिल्यात सांगणाऱ्यानं प्रश्न स्वतःच्या शब्दांत फिरवून घेतलाय. तिथे अवतरणचिन्ह नको आणि प्रश्नचिन्हही नको. वाक्य विधानाचं आहे, शेवटी पूर्णविराम. ‘मी कुठे होतो असं तिनं विचारलं?’ ही चूक सर्रास दिसते.

दुसऱ्या वाक्यात ‘तू’ म्हणजे सांगणारा स्वतः असेल, तर ते तिचेच शब्द आहेत:

“तू कुठे होतास?” असं तिनं विचारलं.

पण हेच वाक्य सांगणारा समोरच्या मित्राला म्हणत असेल तर? ‘तुझी चौकशी करत होती ती’ एवढाच अर्थ. मग ‘तू’ म्हणजे तो मित्र, आणि अवतरणचिन्ह घातलं की अर्थ उलटतो. कान इथे मदत करत नाही. मागचीपुढची दोन-तीन वाक्यं परत ऐकावी लागतात. तरीही उलगडा झाला नाही तर मी अवतरण न घालता वाक्य साधं ठेवतो आणि समासात रेकॉर्डिंगची वेळ नोंदवतो. जबाब किंवा बैठकीचा वृत्तान्त असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण अवतरणचिन्ह घालणं म्हणजे ‘हेच शब्द उच्चारले गेले’ अशी हमी देणं.

ओळखायची एक सोपी खूण आहे. बोलण्यात अरे, अगं, अहो किंवा आज्ञार्थ आला, की ते थेट बोलणं. मग आधी ‘की’ असला तरी बिघडत नाही. ‘की’ आला म्हणजे अवतरण नाही, हा नियम व्याकरणाच्या तासाला ठीक. बोलणारी माणसं तो पाळत नाहीत.

तो म्हणाला की, “अरे, जरा थांबतोस का?”

शब्दशः प्रत हवी असेल तर हा ‘की’ परस्पर गाळू नका.

‘असं’ कुठे येतं ते ऐका

जुन्या मोडी कागदांत विरामचिन्हं तर नाहीतच, दोन शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते. ही चिन्हं मराठीत रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्याआधीच्या वाचकाला कोणाचं बोलणं कुठे संपलं ते ‘ऐसें’, ‘म्हणोन’ यांवरून कळायचं. आजचं ‘असं’ आणि ‘म्हणून’ तेच काम करतात. त्यामुळे अवतरण कुठे मिटवायचं या गोंधळात असाल, तर ‘असं’च्या ऐन आधी मिटवा. ‘असं’ अवतरणाच्या आत ढकललेलं मी छापील मजकुरातही पाहिलंय: “तू येणार का असं” तो म्हणाला. हे वाचताना ठेच लागते.

मिटत्या अवतरणापाशी चिन्हांची गर्दी

प्रश्न ज्याचा, चिन्ह त्याच्या बाजूला. उद्धृत केलेलं बोलणं प्रश्न असेल तर चिन्ह आत:

“फाइल पाठवलीस?” असं तिनं विचारलं.

इथे प्रश्नचिन्हानंतर स्वल्पविराम लागत नाही. वाक्य अवतरणावरच संपत असेल, तर बाहेर वेगळा पूर्णविरामही नको.

सांगणारा स्वतःच विचारतोय आणि आतलं बोलणं विधान आहे, तर चिन्ह बाहेर:

“मी सही करणार नाही” असं नक्की कोण म्हणालं?
नक्की कोण म्हणालं, “मी सही करणार नाही”?

दोन्हीकडे प्रश्न असेल तर मराठीची क्रियापद शेवटी ठेवायची सवय कामाला येते. दोन चिन्हं आपोआप लांब राहतात आणि दोन्ही ठेवायची:

“तू तिथे गेला होतास का?” असं तुम्ही त्याला विचारलंत का?

पण बोलणारा उलट क्रमानं बोलला, ‘तुम्ही त्याला विचारलंत का, “तू तिथे गेला होतास का?”’, तर शेवटी एकच, आतलं. प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह आणि पुन्हा प्रश्नचिन्ह ही रांग तर्काला धरून असेल, पण डोळ्याला खुपते.

का, काय आणि ना

‘बरं का’मध्ये का आहे, प्रश्न नाही. ‘म्हणजे काय झालं, मी निघालोच होतो’ यातलं ‘काय झालं’ म्हणजे नुसता घसा साफ करणं. ‘कोण जाणे’, ‘काय सांगू’ हीही तीच जात. ‘तू येणार ना?’ हा प्रश्न. ‘सांगितलं ना तुला’ ही चीड. उलट ‘पोचलास?’मध्ये प्रश्नाचा शब्दच नाही, सगळा प्रश्न शेवटी चढणाऱ्या सुरात. बोलणं आपोआप टंकित करून देणारी साधनं नेमकी इथे घसरतात: का दिसला की चिन्ह ठोकतात, सूर चढला तरी सोडून देतात. त्यांनी घातलेल्या चिन्हांवर विसंबू नका, त्या जागा कानानं तपासा.

‘म्हणे’ आणि ‘म्हटलं’ यांकडेही लक्ष हवं. ‘तो राजीनामा देणार आहे म्हणे’ ही ऐकीव बातमी. तिला अवतरणात बसवू नका. ‘म्हटलं जावं का नको’ यातलं म्हटलं मनातल्या मनात आहे. अशा विचाराला मी दुहेरी चिन्ह देत नाही: म्हटलं, जावं का नको. कोणी एकेरी देतात. काहीही करा, पण पूर्ण प्रतीत एकच पद्धत ठेवा.

अर्धवट प्रश्न आणि टंकनाच्या कुरबुरी

मध्येच कोणी तोडलं तर अपसारणचिन्ह, “पण तू काल—”, बोलणारा स्वतःच विरला तर टिंबं, “पण तू तिथे...?” टिंबांपुढे प्रश्नचिन्ह सूर प्रश्नाचा असेल तरच.

बोलणाऱ्याचं नाव आणि विसर्गासारखं अपूर्णविरामाचं चिन्ह देऊन संवाद लिहीत असाल, तर त्याच्या सबंध बोलण्याला अवतरणचिन्ह नको. त्यानं सांगितलेल्या दुसऱ्याच्या बोलण्याला दुहेरी, आणि त्याच्याही आत कोणी बोललं तर एकेरी.

प्रश्नचिन्हाआधी जागा सोडू नका. ओळ भरली की ते एकटंच खालच्या ओळीवर जाऊन बसतं. मिटतं अवतरणचिन्हही जागेनंतर टाइप केलं, तर संगणक त्याला उघडतं समजून उलटं वळवतो. प्रत तयार झाली की फाइलमध्ये ‘?’ शोधायला लावा आणि एकेका जागी थांबून विचारा: हे कोणी विचारलं? उत्तर लगेच सुचलं नाही, तर ती जागा परत ऐका.