कॅशिंग प्रॉक्सी लावूनही सर्व्हर धापा टाकतोय? या चुका टाळा

पावसाळ्यातली सकाळ. कुर्ला-सायनच्या मध्ये रुळांवर पाणी, लोकल ठप्प, आणि मी सांभाळतो त्या दादरच्या छोट्या बातम्यांच्या साइटवर एकाच पानासाठी झुंबड: गाड्या कुठपर्यंत चालू आहेत? पुढे एन्जिनएक्स या कॅशिंग प्रॉक्सीची कॅश होती (म्हणजे तयार पानाची प्रत साठवून, मागच्या सर्व्हरला न विचारता वाचकाला देणारी सोय), तरी मागचा पीएचपी सर्व्हर पार दमला होता. वाचकांना ५०४, म्हणजे ‘मागून वेळेत उत्तर आलं नाही’ हा एरर, दिसत होता.

अशा वेळी हात आधी रॅम वाढवण्याकडे जातो. माझाही गेला. खरं तर पहिलं काम एकच: कॅशमधून उत्तर जातंय का ते बघणं. लॉग फॉरमॅटमध्ये ‘अपस्ट्रीम_कॅश_स्टेटस’ हे व्हेरिएबल घाला, म्हणजे प्रत्येक ओळीत हिट (उत्तर कॅशमधून गेलं) की मिस (मागून आणावं लागलं) ते कळतं. आमच्याकडे ओळीमागून ओळ मिस!

उत्तराचे हेडर, म्हणजे पानासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी, दाखवणारी ‘कर्ल -आय’ ही कमांड चालवल्यावर चोर सापडला: ब्राउझरला कुकी (ओळखीची खूण) देणारं ‘सेट-कुकी’ हेडर. नुसती बातमी वाचायला आलेल्यासाठीही साइटची थीम नवं सेशन (त्या वाचकाची वेगळी नोंद) उघडत होती. असं हेडर असलेलं उत्तर एन्जिनएक्स आपणहून साठवत नाही. व्हार्निश हे दुसरं कॅशिंग सॉफ्टवेअर आणखी काटेकोर आहे, रिक्वेस्टसोबत कुकी आली तरी ते कॅश टाळून थेट मागे जातं. दोघांचंही बरोबरच आहे. कुकी म्हणजे हे उत्तर कदाचित एकट्याचंच असेल.

यावर एन्जिनएक्सच्या ‘प्रॉक्सी_इग्नोअर_हेडर्स’ या सेटिंगमध्ये (दिलेली हेडर दुर्लक्षित करणारं) सेट-कुकी टाकून मोकळं होऊ नका. ही सगळ्यात घातक चूक. पहिल्या माणसाची सेशन कुकी उत्तरासकट साठते आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला तीच मिळते. म्हणजे एकाच्या खात्यात दुसरा! सार्वजनिक पानांवरून सेशन सुरू करणारी ओळच काढा. लॉगिन, कार्ट, अ‍ॅडमिन यांच्यासाठी ‘प्रॉक्सी_कॅश_बायपास’ आणि ‘प्रॉक्सी_नो_कॅश’ दोन्ही लावा. पहिलं कॅशमधून वाचणं थांबवतं, दुसरं तिच्यात साठवणं. नुसत्या पहिल्याने काम अर्धवट राहतं.

‘बातमी दर मिनिटाला बदलते, कॅश कशी करणार?’ असं संपादक विचारतात. दहा सेकंद तरी करा. सेकंदाला २०० रिक्वेस्ट धरल्या तर दहा सेकंदांत २,००० होतात, आणि मागे पोहोचते जेमतेम एक. मात्र कॅश रिकामी असताना सगळे एकदम मागे धावतात, म्हणून एका वेळी एकालाच मागे जाऊ देणारं ‘प्रॉक्सी_कॅश_लॉक’ चालू करा. ते मुळात बंद असतं. मुदत संपलेल्या पानासाठी ‘प्रॉक्सी_कॅश_यूझ_स्टेल’मध्ये ‘अपडेटिंग’ लिहा, म्हणजे एक जण नवं आणेपर्यंत बाकीच्यांना जुनं पान मिळतं.

फेसबुकवरून आलेल्या लिंकला ‘एफबीसीएलआयडी’चं शेपूट असतं. ते प्रत्येक वेळी वेगळं, म्हणून कॅशच्या लेखी प्रत्येक लिंक नवं पान. कॅश-कीमधून (साठवलेलं पान ज्या खुणेने ओळखलं जातं तीमधून) अशी शेपटं छाटा. पण सगळी क्वेरीच (लिंकमधला प्रश्नचिन्हानंतरचा भाग) उडवलीत, तर यादीच्या दुसऱ्या पानावर पहिलंच पान दिसेल.

कोणतं उत्तर किती वेळ साठवायचं ते ठरवणाऱ्या ‘प्रॉक्सी_कॅश_व्हॅलिड’मध्ये ‘एनी’ (कुठलंही) लिहिलंत तर ५०० ची चूकही (सर्व्हरचा बिघाड) साठते, हेही लक्षात असू द्या.

बदल लाइव्ह करण्याआधी एका ब्राउझरमध्ये लॉगिन करा, तेच पान दुसऱ्यात खासगी विंडोत उघडा. तिथे तुमचं नाव दिसलं, तर कॅश लगेच बंद करून साफ करा आणि ती सेशनंही रद्द करा.